निकाल पंचांचा, जबाबदारी मालकांची

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, पंचगिरीवर दर हंगामात ओरड होते आणि दर हंगामात ती मैदानावरच्या सात पंचांपाशी येऊन थांबते. ती तिथे थांबता कामा नये. चुका पंचांच्याच हातून होतात, हे खरे. पण हे पंच कोणत्या अटींवर काम करतात, त्यांच्या चुकांचे पुढे काय होते आणि त्यांचा हिशेब प्रेक्षकांपर्यंत का पोहोचत नाही, याची उत्तरे ३२ संघांच्या मालकांनी द्यायची आहेत.

२० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्स आणि रॅम्स यांच्यात उपांत्य सामना झाला. जिंकेल तो थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात. २०-२० अशी बरोबरी आणि दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ शिल्लक असताना सेंट्सच्या ड्रू ब्रीझने सीमारेषेलगत धावणाऱ्या टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला. चेंडू पोहोचायच्या आतच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन लुईसवर आदळला. त्याने मान वळवून चेंडूकडे पाहिलेही नव्हते. अशा वेळी पंचाने पिवळा रुमाल टाकायचा असतो. तो टाकला असता तर सेंट्सना नव्याने चार डाव, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार संधी, मिळाले असते आणि घड्याळ जवळजवळ संपवून अगदी जवळून किक मारणे एवढेच काम उरले असते. रुमाल पडला नाही. सेंट्सना तीन गुणांवर समाधान मानावे लागले, रॅम्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून किक मारून सामना २६-२३ असा जिंकला.

चूक झाल्याचे लीगच्या पंचप्रमुखांनी आपल्याला फोनवर सांगितले, अशी माहिती सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सामन्यानंतर दिली. रोबी-कोलमननेही आपला अपराध मान्य केला. हेल्मेटने धडक दिल्याबद्दल त्याला २६,७३९ डॉलरचा दंड झाला आणि ती रक्कम सगळ्यांना कळली. पंचांना मिळालेले गुण मात्र लीगच्या फायलीतच राहिले. आयुक्त रॉजर गुडेल या विषयावर जाहीरपणे बोलले ते दहा दिवसांनी.

त्यानंतर घाईघाईने उपाय झाला. मार्च २०१९ मध्ये मालकांनी ३१ विरुद्ध १ मताने पास इंटरफिअरन्सचे, म्हणजे चेंडू पोहोचण्याआधीच झेलणाऱ्याला अडवण्याचे, निर्णयही फेरतपासणीखाली आणले. वर्षभरात बहुतेक आव्हाने फेटाळली गेली. निर्णय नेमका कोणत्या निकषावर फिरवायचा, हे प्रशिक्षकांना कळेना, प्रेक्षकांना तर नाहीच. २०२० मध्ये तो नियम गुंडाळला गेला. हे व्हायचेच होते. कोणाचा हात कोणाच्या खांद्याला लागला हे कॅमेरा दाखवतो. त्या स्पर्शामुळे झेल हुकला का, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि संथ गतीत तर प्रत्येक स्पर्श अपराधच वाटू लागतो.

तरीही लीगचा भर यंत्रावरच आहे. जानेवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीतल्या उपांत्य सामन्यात बफेलोचा जॉश ॲलन चौथ्या डावात खेळाडूंच्या ढिगाऱ्यात घुसला. तो कुठवर पोहोचला, यावर दोन बाजूंच्या दोन पंचांचे अंदाज जुळले नाहीत. निकाल बफेलोच्या विरोधात गेला आणि पुढे सामनाही गेला. त्याच वर्षी लीगने मोजणीच्या साखळीऐवजी हॉक-आय कॅमेरे आणले. पण कॅमेरे मोजतात ते पंचाने चेंडू ठेवल्यानंतरचे अंतर. चेंडू कुठे ठेवायचा, हे आजही पंचाची नजरच ठरवते.

ही नजर घडवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि मालकांचा हात आखडतो तो इथेच. एनएफएलचे पंच अर्धवेळ आहेत. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी व्यावसायिक. नोकरीधंदा सांभाळून ते आठवडाभर सामन्यांच्या चित्रफिती पाहतात आणि सामन्याच्या आदल्या दिवशी त्या गावी हजर होतात. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला शंका नाही. पण आयसीसीने २००२ पासून पंचांचे एलिट पॅनेल करारावर नेमले, इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही पूर्णवेळ रेफरी ठेवले. वर्षाला २० अब्ज डॉलरहून अधिक कमावणाऱ्या या लीगने २०१७ मध्ये वीसेक पंचांना पूर्णवेळ घेतले आणि दोनच वर्षांत तो प्रयोग सोडून दिला.

पंचांवरची काटकसर किती महागात पडते, हे मालकांनी अनुभवलेले आहे. २०१२ मध्ये पेन्शनच्या वादातून त्यांनी पंचांना टाळेबंदी केली आणि खालच्या पातळीवरचे बदली पंच उभे केले. २४ सप्टेंबरच्या रात्री सिॲटलमध्ये शेवटच्या फेकीवर ग्रीन बे आणि सिॲटलचे खेळाडू एकाच चेंडूला बिलगून पडले. एका पंचाने टचडाउनचे हात वर केले, शेजारच्याने वेगळीच खूण केली. सिॲटल १४-१२ ने जिंकले. दोनच दिवसांत समझोता झाला आणि बाल्टिमोरमध्ये परतलेल्या पंचांचे प्रेक्षकांनी उभे राहून स्वागत केले. एरवी हुर्यो झेलणाऱ्यांना हा मान मिळाला, यातूनच चांगल्या पंचाची किंमत प्रेक्षकांना किती कळते ते दिसते.

आता या खेळावर कायदेशीर पैसाही लागतो. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना सट्ट्याची दारे उघडता आली आणि २०२१ मध्ये लीगने सट्टा कंपन्यांशी भागीदारी केली. पंचाच्या एका निर्णयावर हजारो लोकांचे पैसे जात-येत असताना, सामन्यानंतर मुख्य पंचाला एकच पत्रकार मोजके प्रश्न विचारू शकतो. पंचांवर जाहीर टीका करणाऱ्या प्रशिक्षकाला दंड होतो. ही गुप्तता पंचांचेही रक्षण करत नाही. उलट प्रत्येक प्रामाणिक चुकीवर कटाचा संशय चिकटतो.

अमेरिकेतलीच बास्केटबॉल लीग, एनबीए, अटीतटीच्या सामन्यांतल्या अखेरच्या दोन मिनिटांचा निर्णयवार अहवाल २०१५ पासून प्रसिद्ध करते. त्यात चुकलेला निर्णय चुकला म्हणून लिहिला जातो. एनएफएलमध्ये तर प्रत्येक पंचाच्या प्रत्येक निर्णयाचे मूल्यमापन दर आठवड्याला होतेच आणि त्यावरून बाद फेरीच्या नेमणुका ठरतात. हे मूल्यमापन खुले करायला नवा कॅमेरा नको की नवा नियम. मालकांनी पुढच्या वार्षिक बैठकीत तो निर्णय घ्यावा आणि पूर्णवेळ पंचांच्या पगाराची तरतूदही त्याच बैठकीत करावी.