धोनी आउट झाला, अडीच कोटी प्रेक्षक परत फिरले. सर्व्हरचं काय झालं?

10 जुलै 2019. मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. हॉटस्टारवर एका क्षणी तब्बल 2.53 कोटी लोक एकाच वेळी मॅच पाहत होते. गप्टिलच्या थ्रोवर धोनी रनआउट झाला आणि हा आकडा झपाट्याने 10 लाखांच्या आसपास घसरला.

मग सर्व्हर निवांत झाले? उलट. मॅच सोडताना लोक 'बॅक' दाबतात आणि होमपेजवर येतात. होमपेज सांभाळणारे सर्व्हर वेगळे असतात. सगळा लोंढा आता त्यांच्यावर!

गर्दी पाहून क्लाउडवरचे भाड्याचे सर्व्हर आपोआप वाढवायचे, गर्दी ओसरली की सोडून द्यायचे, याला म्हणतात ऑटोस्केलिंग.

कवठे महांकाळच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणतात. पंप सुरू केला म्हणून पाणी लगेच द्राक्षबागेत येत नाही. आणि विनाकारण चालवला तर वीजबिल कोण भरणार? सर्व्हरचंही तसंच. नवा सर्व्हर तयार व्हायला वेळ लागतो आणि प्रेक्षक मात्र मिनिटाला 10 लाखांनी वाढू शकतात. म्हणूनच हॉटस्टारने तयार ऑटोस्केलिंगवर न विसंबता, प्रेक्षकसंख्या पाहून आधीच क्षमता वाढवणारी स्वतःची यंत्रणा उभी केली.

खरी डोकेदुखी पुढे आहे. किती जण पाहतायत, कुणाचा व्हिडिओ अडकतोय, अशा नोंदी फोनवरून सतत येत असतात. त्यांचा हिशोब येतील तसा लावणं म्हणजे स्ट्रीम प्रोसेसिंग. इथे सर्व्हर किती तापलाय यापेक्षा किती नोंदी तुंबल्यात हे बघणं जास्त उपयोगाचं. काफ्कासारख्या प्रणालीत नोंदींचे ठरावीक वाटे असतात. वाट्यांपेक्षा जास्त कामगार लावले तर उरलेले नुसते बसून राहतात. शिवाय फ्लिंकसारख्या प्रणालीत कामगार वाढवताना चालू हिशोब जतन करून काम बहुतेकदा पुन्हा सुरू करावं लागतं. तेवढ्या वेळात तुंबारा आणखी वाढतो. त्यामुळे ऐन गर्दीत क्षमता वाढवणं कधीकधी अंगाशी येतं.

धोनी कधी आउट होईल हे कुणालाच माहीत नसतं. दहावीच्या निकालाची वेळ मात्र आधी जाहीर होते, अर्जाची शेवटची तारीखही. तिथे ऑटोस्केलिंगची वाट कशाला पाहायची? तासभर आधी सर्व्हर वाढवून ठेवले तरी पुरतं. ते झालं नाही, तर शेवटच्या दिवशी सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज राहून जातो.