मरणाच्या कागदावर साखर का नाही?

माझी मावशी गेली. चौदा वर्षे तिला मधुमेह होता. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेला भात, हेच तिचे पथ्य. पायाची जखम चिघळली, गँगरीन झाले, विष अंगभर पसरले. रुग्णालयाने कारण लिहिले : 'हृदयक्रिया बंद पडणे'.

मैत्रिणींनो, हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरते? ही मरणाची रीत झाली, कारण नव्हे.

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिल्यात शेवटच्या दुखण्यापासून मागे मूळ रोगापर्यंत साखळी लिहायची. मावशीच्या बाबतीत जंतुदोष, त्यामागे गँगरीन, त्यामागे मधुमेह. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. आकडेवारीत मूळ कारण एकच धरतात. मधुमेह दुसऱ्या भागात ढकलला की तो बहुधा मोजणीतून गळतो. लिहिलाच नाही तर प्रश्नच मिटला. प्रत्येक मधुमेही बाई मधुमेहानेच मरते असे नाही. तो ओढूनताणून लिहा, असे आम्ही म्हणत नाही. खरे असेल ते लिहा, एवढेच.

याच नमुन्यात बाईसाठी एक वेगळा प्रश्न आहे : मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता का? तो हवाच, मातामृत्यू त्यामुळेच दिसतात. पण बाळंतपण उलटून गेलेल्या बाईच्या मरणाची इतकी चौकशी कोण करते?

२०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. त्यातही बायकांचा वाटा निम्म्याहून बराच कमी. जिचे दुखणे घरातच दडपले जाते, तिचे मरणही कागदावर पोचत नाही. आणि जे आकड्यात नाही, त्याच्यासाठी गावच्या दवाखान्यात इन्सुलिन कोण मागणार?

नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण नसते, म्हणून चूक आपल्या नजरेलाच पडत नाही. पण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. आता रुग्णालयाने कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ही प्रत मागून घ्या. वाचा. नुसतेच 'हृदय बंद पडले' असे असेल तर डॉक्टरांना विचारा, "कशामुळे?" दुःखाच्या वेळी हे जड जाते, ठाऊक आहे. म्हणूनच गटातल्या एखादीने सोबत जावे.

जिवंतपणी तिचे दुखणे कुणी विचारले नाही. निदान मेल्यावर तरी ते खरे लिहिले जावे.