बिल्ला कोणाच्या हातात?

'ऑन द वॉटरफ्रंट' (1954) म्हटले की मार्लन ब्रँडोचा मोटारीतला प्रसंग आठवतो, नाहीतर त्याने साकारलेल्या टेरी मलॉयची साक्ष. एक माणूस उभा राहिला आणि गोदीवरच्या गुंडांचे राज्य कोसळले, असा या चित्रपटाचा अर्थ लावला जातो. तो अपुरा आहे. खरी गोम दिग्दर्शक एलिया कझानने गोदीवरच्या सकाळीच दाखवली आहे. कामे थोडी, माणसे फार. मुकादम काहींना निवडतो आणि उरलेले बिल्ले सरळ भिरकावून देतो. बिल्ला म्हणजे त्या दिवसाची रोजी. म्हातारेकोतारेही त्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात. गुंडांचा म्होरक्या जॉनी फ्रेंडली खून पाडतो खरा, पण रोज त्याला पिस्तूल काढावे लागत नाही. उद्याचा बिल्ला त्याच्या मर्जीवर आहे, तेवढे पुरते. हप्ता, सावकारी, तोंडावरचे कुलूप, सगळे त्या बिल्ल्याला बांधलेले.

हे पटकथेपुरते नव्हते. माल्कम जॉन्सन यांनी 'न्यूयॉर्क सन'मध्ये गोदीवरच्या गुन्हेगारीची लेखमाला लिहिली, तिला 1949 साली पुलित्झर मिळाले आणि पटकथाकार बड शुल्बर्गने तिचाच आधार घेतला. चित्रपट झळकण्याआधीच, 1953 साली, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने संयुक्त आयोग नेमून ही भरतीची पद्धत बंद केली. कामगारांची नोंदणी आणि भरती आयोगाच्या देखरेखीखाली आली. आपल्या 1969 च्या माथाडी कायद्यानेही नोंदणी मंडळाकडे देऊन हीच नाडी धरली. यावर कोणी म्हणेल, मग माफिया संपला का? नाही. ब्रुकलिनचा गोदी-नेता अँथनी स्कॉटो 1979 साली दोषी ठरला. पण त्याच्यावरचा ठपका गोदीत धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून पैसे उकळल्याचा होता. खंडणी उरली; सकाळच्या घोळक्याची लाचारी मात्र तशी उरली नाही, आणि हा फरक लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कझानने 1952 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे घेतली, तेव्हा टेरीची साक्ष म्हणजे त्याचेच समर्थन नव्हे का? असेलही, पण ते समर्थन टिकत नाही. टेरी बलवानाविरुद्ध, खुनाबद्दल बोलतो. कझान मतांबद्दल बोलला आणि ज्यांची नावे घेतली त्यांचेच काम धोक्यात आले. दिग्दर्शकाची ही वकिली बाजूला ठेवली तरी चित्रपटाचे निदान खोटे ठरत नाही. उलट साक्षीच्या वेळचे एक छोटे दृश्य त्याला दुजोरा देते. आलिशान घरात एक गृहस्थ टीव्हीवर सुनावणी पाहतो आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. फ्रेंडलीचा फोन आला तर मी घरी नाही म्हणून सांग, असे तो नोकराला बजावतो.