शिंकताना हृदय थांबत नाही

उन्हाळ्यात शीव कोळीवाड्यातल्या आमच्या गल्लीत वर्षभराच्या मसाल्याची मिरची भाजायला घेतली की तो ठसका थेट वर्गात येतो. परवा तसंच झालं. सगळा वर्ग शिंकू लागला. एक मुलगी मात्र नाक चिमटीत धरून, तोंड गच्च मिटून बसली होती. चेहरा लाल झाला होता. विचारलं तर म्हणाली, "टीचर, शिंकलं की दिल बंद पडतं. अब्बूंच्या मोबाइलवर आलं होतं."

तो मजकूर आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. शिंकताना हृदय क्षणभर थांबतं, म्हणूनच 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचं, असं त्यात असतं. आपण 'सुबहानल्लाह' लिहून तो पुढे पाठवतो.

पण हृदय थांबत नाही. नाकाच्या आतल्या अस्तराला धूळ किंवा मिरचीचा खकाणा लागला की एक चेता मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला खबर देते. तिथून हुकूम सुटतो. आपण खोल श्वास घेतो, घसा क्षणभर बंद होतो, छाती-पोटाचे स्नायू आवळतात आणि कोंडलेली हवा झटक्यात बाहेर पडते. त्या दाबाने ठोक्यांची लय किंचित मागेपुढे होऊ शकते, इतकंच. डोळेही याच प्रतिक्षिप्त क्रियेत आपोआप मिटतात. ते बाहेर पडतील म्हणून मिटतात, हीसुद्धा अफवाच.

धोका शिंकण्यात नसून ती कोंडण्यात आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात 34 वर्षांच्या एका धडधाकट माणसाने नाक दाबून, तोंड मिटून शिंक अडवली आणि त्याचा घसा आतून फाटला. डॉक्टरांनी 2018 मध्ये ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. असं क्वचितच घडतं, पण माझी विद्यार्थिनी नेमकं तेच करत होती, आणि तेही दीनच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या माहितीवर विश्वास ठेवून.

घरातून निघताना कुणी शिंकलं की थांबायचं, या समजुतीला आपण अंधश्रद्धा म्हणतो. (आपल्या किती घरांतही थांबतात, हे वेगळं सांगायला नको.) मग हृदय थांबण्याची गोष्ट वेगळी कशी? तिला विज्ञानाचा सदरा घातलाय, एवढाच फरक.

शुक्र अदा करायला खोट्या आधाराची गरज नाही. न सांगता, न शिकवता शरीर आपलं नाक झाडून घेतं, हे काय कमी आहे? शिंकणाऱ्याने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं की ऐकणाऱ्याने 'यरहमुकल्लाह', म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो, असं म्हणायचं. हदीसमध्ये हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क सांगितला आहे. शिंकताना पैगंबर (स.) तोंडावर हात किंवा कपडा धरत आणि आवाज हळू करत, असंही हदीसमध्ये येतं. त्यांनी शिंक कोंडली नाही, झाकली. आज डॉक्टरही तेच सांगतात. हातापेक्षा रुमाल किंवा कोपर बरं, एवढी भर घालतात.

मी त्या मुलीचा हात नाकावरून काढला आणि ओढणी पुढे धरायला सांगितली. ती दणकून शिंकली आणि हसत 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणाली. अख्ख्या वर्गाने जवाब दिला.

आता तो मजकूर मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला प्रेमाने खरं काय ते सांगा. तीही एक नेकीच आहे.