संकेतस्थळ देखणे आहे, पण अर्ज पूर्ण होतो का?

शेजारच्या काकूंना मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. संबंधित संकेतस्थळ नुकतेच नव्याने सजवलेले. वर सरकती चित्रे, मान्यवरांचे फोटो, रंगांची उधळण. काकूंनी मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. शिधापत्रिकेचा फोटो जोडताना लाल अक्षरांत इंग्रजी सूचना आली, फाइल मोठी आहे म्हणून. मर्यादा किती, हे तिथे लिहिलेले नव्हते. ते होते पहिल्या पानावरच्या एका पीडीएफमध्ये: १०० केबी. साध्या फोनने काढलेला फोटोही दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे वीस-तीस पट मोठा. तो लहान कसा करायचा हे शोधेपर्यंत ‘सेशन’ संपले आणि भरलेले सगळे पुसले गेले. दुसऱ्या दिवशी त्या सेवा केंद्रात गेल्या. ‘‘ताई, हे मोबाइलवर होतच नाही,’’ असे तिथल्या मुलाने सांगितले आणि शुल्कावर वरचे शंभर रुपये घेऊन काम करून दिले.

सरकारी नोंदीत हा अर्ज ‘ऑनलाइन’ म्हणूनच मोजला जाईल.

संकेतस्थळ चांगले की वाईट हे ठरवताना आपण नेमके हेच मोजत नाही. ज्याला काम आहे त्या माणसाला ते स्वतःच्या फोनवर, कुणाला न विचारता पूर्ण करता आले का, एवढा एकच प्रश्न आधी विचारायला हवा. बाकीचे गुण नंतर.

देखणेपणा का फसवतो?

१९९५ मध्ये जपानमधील हिताची कंपनीच्या डिझाइन केंद्रातील मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. जी मांडणी लोकांना सुंदर वाटली, तीच त्यांना वापरायलाही सोपी ‘वाटली’. ती खरोखर किती सोपी आहे, याच्याशी त्या मताचा संबंध तुलनेने क्षीण होता. संकेतस्थळाला मंजुरी देतानाही हेच घडते. बैठकीत मोठ्या पडद्यावर, वेगवान वायफायवर मुखपृष्ठ दाखवले जाते. सगळे माना डोलावतात. अर्जाचे तिसरे पान कुणी उघडतच नाही.

गूगलच्या ‘लाइटहाउस’सारखी साधने शंभरपैकी गुण देतात आणि ती जरूर वापरावीत. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची अपेक्षा रास्त आहे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील तफावत निदान ४.५ : १ असावी, हा सुगम्यतेच्या जागतिक निकषांमधला नियमही यंत्राला तपासता येतो. पण ‘पुढे’ आणि ‘जतन करा’ यांपैकी नेमके कोणते बटण दाबायचे, या गोंधळात अडकलेला माणूस यंत्राला दिसत नाही.

मग तपासायचे कसे?

पाच माणसे बोलवा. हे ऐकायला फारच थोडे वाटते, पण त्यामागे गणित आहे. जेकब निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडले की, एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. अट एवढीच, की ती पाच माणसे एका प्रकारची असावीत. विद्यार्थी, शेतकरी आणि निवृत्तिवेतनधारक असे गट असतील, तर प्रत्येक गटातले वेगळे लोक हवेत. एकदाच पंधरा जणांना बसवण्यापेक्षा पाच जणांना बसवून दुरुस्ती करावी आणि पुन्हा नवे पाच बोलवावेत, हा निल्सन यांचा सल्ला कमी खर्चाचाही आहे.

त्यांच्याच फोनवर काम द्यावे. ‘इथे दाबा, तिथे दाबा’ असे नव्हे, तर ‘तुम्हाला उत्पन्नाचा दाखला हवा आहे, अर्ज क्रमांक मिळेपर्यंत करा’ एवढेच सांगावे. मग गप्प बसावे. आपल्याकडे हाच सर्वांत अवघड भाग, कारण समोरचा अडला की आपले बोट पुढे जातेच. अंगठा कुठे थांबला, मागे कधी गेले, ‘आता काय?’ कधी म्हणाले, हे टिपावे. शेवटी ‘कसे वाटले?’ या प्रश्नाच्या उत्तरावर फार विसंबू नये. लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. अडलेली बाई तर बहुतेकदा ‘मलाच जमत नाही हो’ म्हणून दोष स्वतःकडे घेते.

मराठीत पाहिले का?

अनेक संकेतस्थळांवर ‘मराठी’ हे बटण असते, पण ते दाबल्यावर मथळे तेवढे बदलतात. चुकीची सूचना, ओटीपीचा संदेश आणि पावती इंग्रजीतच राहते. म्हणजे माणूस जिथे अडतो, नेमक्या तिथेच भाषा साथ सोडते. नावाच्या रकान्यात देवनागरी स्वीकारतात की रोमन, हे आधी सांगत नाहीत. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत वेलांट्या आणि उकार कापले जातात. यांत्रिक भाषांतर तर ‘होम’ला सरळ ‘घर’ करून टाकते. युनिकोडपूर्व फॉन्टमधले शासकीय पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधील वाचक त्यांतून निरर्थक अक्षरे वाचतो. कुठल्याही इंग्रजी तपासणी-यादीत यातले बरेचसे सापडणार नाही. ते मराठी वाचणाऱ्या माणसाला समोर बसवल्यावरच कळते.

नियम नाहीत का?

आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही सूचना अॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींनी कशी पाळायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि प्रक्रिया सुधारण्यासाठी २० निर्देश दिले. ती पायरी आखणाऱ्यांनी अशा एका व्यक्तीला आधी समोर बसवले असते, तर दोष पहिल्या पाच मिनिटांत कळला असता.

नियमपालनाचे प्रमाणपत्र आणि काम पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनने सरकारी डिजिटल सेवांसाठी जे चार आकडे ठरवले, त्यांत सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी काम पूर्ण केले, हा एक होता. आपल्याकडे हा आकडा कंत्राटाच्या देयकाला जोडायला काय हरकत आहे? मुखपृष्ठ दाखवून नव्हे, तर पाच-पाच नागरिकांच्या चाचण्यांच्या नोंदी सादर केल्यावर शेवटचा हप्ता द्यावा. आणि प्रत्येक सेवेच्या पानावर दर महिन्याला दोन संख्या लिहाव्यात: किती जणांनी अर्ज सुरू केला आणि किती जणांनी तो सेवा केंद्राविना, स्वतःच्या मोबाइलवरून पूर्ण केला.