रानातील पाहुणे

अमरावतीच्या राजापेठेतून चिखलदऱ्यास सहलीला गेलेली मुले भीमकुंडाचा धबधबा पाहून हरखून जातात. कीचकाला मारून भीमाने येथेच हात धुतले, अशी आख्यायिका आहे. अशा डोंगरात, वनखात्याने नेमलेल्या जागी, तंबू ठोकून एखादी रात्र काढणे हे मोठे शिक्षण होय. तेथे नळ नसतो, विजेचा दिवा नसतो; पाण्याची घागर स्वतः वाहावी लागते. म्हणूनच घरी सहज सांडल्या जाणाऱ्या पाण्याचे मोल तेथे कळते.

अशा जागी झगझगीत दिवे आणि ध्वनिवर्धक हवेत, असे काहींना वाटते. हे मत योग्य नव्हे. भोवतालचे मेळघाटचे अरण्य १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. रात्री हिंडणाऱ्या वाघ-अस्वलांचे ते घर आहे, आणि कोरकू लोकांचेही. तेथील सिपना, खापरा, गडगा या नद्या तापीला मिळतात; त्यांच्या काठी टाकलेली घाण दूरच्या गावांच्या पाण्यात उतरते. न विझवलेली एक शेकोटी सागाचे सारे रान भस्म करू शकते.

पाहुण्याने यजमानाच्या घरी जपून वागावे, हे सर्वांना मान्य आहे. रान हेही यजमानच होय. मुक्काम हलल्यावर त्याची खूणही मागे उरू नये, यातच पाहुण्याची शोभा आहे.