साथीतला शेजार

4 फेब्रुवारी 1897 रोजी संमत झालेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता, आणि महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीत 13 मार्च 2020 रोजी तो राज्यात लागू केला तेव्हा त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या घरात पोहोचले होते. साथ रोखण्यासाठी सरकारला तात्पुरते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढेच त्याचे मूळ सार. आजाऱ्याच्या घरी चूल कोण पेटवील, त्याच्या म्हाताऱ्या आईचे औषध कोण आणील, याविषयी त्यात एक अक्षर नाही. कायद्याकडून तशी अपेक्षा करणेही गैरच, परंतु त्याने मोकळी सोडलेली ही जागा वस्तीतली माणसे कशी भरतात यावरच लोक रुग्णाला पुढे आणतात की दडवून ठेवतात हे पुष्कळदा ठरते.

ज्या साथीसाठी हा कायदा झाला, तिच्यातच याचा पुरावा सापडतो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे, म्हणजे जांघेत किंवा काखेत गाठ उठून तीव्र ताप भरणाऱ्या रोगाचे, निदान केले आणि काही महिन्यांतच तो पुण्यात शिरला. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली मार्च 1897च्या मध्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. त्या देवघरापर्यंत शिरत, सामानसुमान बाहेर काढून जाळत, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत, म्हणजे लागण झाल्याचा संशय असलेल्यांना वेगळे ठेवण्याच्या जागी, पाठवीत. वैद्यकीय हेतू समजण्याजोगा होता, पण दारात उभा राहणारा माणूस परका आणि हत्यारबंद असल्याने लोक आजार लपवू लागले, आणि लपवलेला आजार वाढतो हे सांगायला साथशास्त्र लागत नाही.

त्याच सुमारास सावित्रीबाई फुले यांनी चालवलेले काम याच्या नेमके उलट टोकाचे होते. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. या कामातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी, म्हणजे सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याच्या तोंडावर, त्यांचे निधन झाले. झडत्यांच्या जाचाविरुद्ध ‘केसरी’तून लिहिणाऱ्या लोकमान्य टिळकांनीही शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना धारेवर धरले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला.

मात्र ओळखीवर उभी राहणारी मदत ओळखीच्या कुंपणाशीच थांबते, हा तिचा मोठा दोष आहे. मुंबईत त्या काळी जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली. स्वजातीचा स्वयंपाकी आणि उशाशी नातेवाईक असल्याने लोक तेथे सरकारी इस्पितळापेक्षा राजीखुशीने जात, हे खरे, परंतु ज्यांच्या जातीपाशी निधीच नव्हता त्यांचे काय, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. ससाणे मळ्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते. 2020 साली हे कुंपण जातीऐवजी बहुधा कागदाचे झाले: शिधापत्रिका गावाकडे राहिलेला भाडेकरू आणि नाक्यावर उभा राहणारा मजूर हे गृहनिर्माण संस्थेच्या यादीतही नव्हते आणि स्वस्त धान्य दुकानाच्या यादीतही. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात देणारी शिवभोजन थाळी मार्च 2020च्या अखेरीस दहावरून पाच रुपयांना करण्यात आली, तिचे महत्त्व केवळ स्वस्ताईत नव्हते. जेवणाऱ्याला शिधापत्रिका दाखवावी लागत नव्हती.

धारावीत 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रुग्ण आढळला तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे राहणाऱ्या आणि बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालय वापरावे लागणाऱ्या या वस्तीत ‘अंतर राखा’ हा उपदेश जवळजवळ थट्टेसारखा होता. महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता रुग्ण शोधायला सुरुवात केली आणि या शोधात तिने वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. ज्यांनी घरातल्या पोरांचे ताप-खोकले पाहिले होते, ते संरक्षक पोशाखात गल्लीत आले तेव्हा दारे उघडली. रमजानमध्ये विलगीकरण केंद्रांतल्या रोजेदारांच्या जेवणाच्या वेळा सांभाळल्या गेल्या, ही बाब प्रशासकीय अहवालात एका ओळीची असेल, पण माणसे केंद्रात जायला तयार होण्यात अशा ओळींचा वाटा मोठा असतो.

ओळखीचा माणूस याचा अर्थ फुकटचा माणूस असा मात्र होऊ नये. राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका, म्हणजे गावातल्याच आणि पगाराऐवजी मोबदल्यावर काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, सप्टेंबर 2020च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरल्या. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारे ऑक्सिमीटर बोटाला लावण्याआधी नखावरचा रंग पुसायचा, थंड हात चोळून गरम करायचा, घरातल्या घरात सहा मिनिटे चालायला लावून आकडा पुन्हा पाहायचा आणि तो 94च्या खाली गेला तर घरी वाट पाहत बसायचे नाही, हे त्यांच्यासारख्यांनीच हजारो घरांना शिकवले. जून 2021 मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. शेजारधर्माचे कौतुक करणाऱ्यांनी हे एवढे तरी विसरू नये.

साथ ओसरली की थाळी वाजवणारे हात मोकळे होतात, आणि जिकिरीचे काम तेव्हाच सुरू होते. करोनाने पती गेलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीसारख्या गटांनी तालुक्यातालुक्यांत हेच काम हाती घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसाला पन्नास हजार रुपये सानुग्रह अनुदान, म्हणजे हक्काच्या भरपाईऐवजी साहाय्य म्हणून दिली जाणारी रक्कम, मंजूर झाली. पण अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि मृत्यू दाखल्याबरोबर करोना झाल्याचा पुरावाही जोडायचा. ज्या बाईने आजवर बँकेत एकटीने पाऊल टाकलेले नाही, तिच्यासोबत तहसील कचेरीत जाऊन बसणारा, नावातली चूक दुरुस्त करून घेणारा आणि सासरच्यांनी घरातून काढू नये म्हणून वारसनोंदीचा अर्ज वेळेत दाखल करायला लावणारा माणूस तिला हवा असतो, आणि तोही एका दिवसासाठी नव्हे, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत.